उभी बेरीज, आडवी बेरीज

गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. गेम खेळण्यासाठी. शिकवण्या घेऊन दीड वर्ष पैसे साठवले होते त्याने. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅमच्या दोन पट्ट्या असे सगळे खोके पलंगावर मांडून बसला, तेव्हा रुखवत मांडल्यासारखे दिसत होते! कॉम्प्युटर सुरू झाला, सौ.ने पेढा ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी तो बंद पडला. निळा पडदा, खाली काहीतरी इंग्रजी, आणि आपोआप परत सुरू.

मग ते रोजचेच झाले. कधी वीस मिनिटांत, तर कधी दोन दिवस काहीच नाही. गेम चालू असताना व्हायचे, तसे नुसते गाणे ऐकतानाही. चिरंजीव म्हणाले, "स्वतः जोडायची हौस कशाला? दुकानातून घेतला असतास तर!" पोराचा चेहरा उतरला. घरात यंत्र बिघडले की आधी हात लावणाऱ्यावर आळ येतो, हा जुनाच रिवाज.

मला कॉम्प्युटरमधले काही कळत नाही. मराठी माध्यमातला बी.ए., जन्मभर इतिहास शिकवला. पण इतिहासाच्या मास्तरला एक गोष्ट कळते, ती म्हणजे नोंद. मी त्याला दोनशे पानी वही दिली. म्हटले, "बंद पडला की वेळ लिही, काय चालू होते ते लिही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदललेस तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही."

तो कामाला लागला आणि मी या "अवचित बिघाडा"चा इतिहास वाचत बसलो. त्यातले थोडे सांगतो.

वहीची गोष्ट माझी नव्हे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेल्या मार्क २ या खोलीभर यंत्राची अशीच नोंदवही होती. ९ सप्टेंबर १९४७ रोजी त्याच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने वहीतच चिकटवला आणि शेजारी नोंद केली. वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. "बग" हा शब्द तेव्हापासून आला असे सांगतात, ते मात्र खरे नाही. एडिसनने १८७८ सालीच पत्रात तो वापरला होता.

त्याच सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. त्यांना शनिवार-रविवारी रिलेवर चालणारे गणकयंत्र वापरायला मिळे. यंत्राला आपली चूक झाली एवढे कळायचे. एरवी ते माणसाला हाक मारी, पण सुट्टीत माणूस नसे. मग ते हातातले गणित टाकून देई आणि पुढचे घेई. लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंगना आपले काम तसेच पडलेले दिसले. ते वैतागले. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये? या वैतागातून त्यांचा १९५० सालचा प्रसिद्ध निबंध आला.

त्यातले तत्त्व वाचले आणि मी चष्मा काढून ठेवला. अहो, ही तर आमची उभी-आडवी बेरीज! निकालपत्रकात प्रत्येक मुलाची आडवी बेरीज असते, प्रत्येक विषयाची उभी. एक आडवी चुकली आणि एक उभी चुकली, तर दोन्ही जिथे छेदतात तोच आकडा खोटा. हॅमिंगनी हेच काम फार थोड्या जादा आकड्यांत बसवले. चार अंकांना तीन ताळ्याचे अंक लावले की सातांपैकी कुठलाही एक उलटला तरी नेमका तो सापडतो. मोठ्या सर्व्हरच्या रॅममध्ये त्याच जातीची सोय असते. काही बिट जादा असतात, केवळ पहाऱ्यासाठी.

पहारा लागतो कारण स्मृतीतला शून्य-एक कुणीही हात न लावता उलटू शकतो. १९७८ साली इंटेलच्या मे आणि वुड्स या दोघांनी दाखवले की चिपच्या आवरणातच युरेनियम-थोरियमचा अगदी किंचित अंश असतो आणि त्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. पुढे अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळेही तसे होते हे कळले. २००३ साली बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक इथे, एका उमेदवाराला असू शकतील त्यापेक्षा जास्त मते दिसली. फेरमोजणीत ४०९६ मते जादा निघाली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट उलटलेला! विश्वकिरणांवर संशय गेला, सिद्ध मात्र झाले नाही. आकडा अशक्य होता म्हणून कुणीतरी पाहिले. शक्य कोटीतला असता तर?

घरच्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा हा पूर्ण पहारा नसतो. स्वस्तात पडते म्हणून. नव्या डीडीआर-५ रॅमची चिप आतल्या आत थोडी दुरुस्ती करते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही.

इकडे नातवाची वही भरत होती. तापमान पाहिले, ठीक. ड्रायव्हर नव्याने टाकले, फरक नाही. मित्राचा पॉवर सप्लाय लावून पाहिला, तरी तेच. शेवटी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट घालून रात्रभर स्मृतीची परीक्षा घेतली. सकाळी पडद्यावर लाल ओळी. मग एकेक पट्टी काढून तपासली. एक पट्टी निर्दोष, दुसरी प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी चुकत होती. विश्वकिरण नव्हते, पट्टीच सदोष. निर्दोष पट्टी त्याच सदोष पट्टीच्या खाचेत बसवूनही चालली, म्हणजे मदरबोर्डही सुटला. पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. गेल्या तीन महिन्यांत निळा पडदा नाही. चिरंजीवांनी वही चाळली आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला. बोलले काही नाहीत.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण ती उभी-आडवी बेरीज वाचल्यापासून एक मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही.

१९८४ साल. मी नववीचा वर्गशिक्षक. निकालपत्रक सकाळी द्यायचे होते, रात्री वीज गेली. कंदिलाच्या उजेडात गुण उतरवताना एका मुलाचे गणिताचे ४२ मी २४ लिहिले. आडवी बेरीज त्या २४ वरूनच केली, त्यामुळे ती जुळली. मी नऊचा ताळाही केला, तोही जुळला. जुळणारच! ४२ काय आणि २४ काय, अंकांची बेरीज सहाच. अंकांची अदलाबदल नऊच्या ताळ्याला दिसत नाही. ती दिसली असती उभ्या बेरजेत. गणिताच्या शिक्षकांच्या यादीखालच्या एकूण गुणांशी ताडले असते, तर अठराचा फरक आला असता. त्या रात्री उभी बेरीज मी केली नाही. डोळे मिटत होते.

इंग्रजीत तो आधीच गेला होता. दोन विषय गेले म्हणून वर्ष गेले. जूनमध्ये तो आला नाही. पुढच्या वर्षी जुनी पत्रके चाळताना मला चूक सापडली. मी त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "गुरुजी, तो मुंबईला कामाला लागला. गणित चांगलं गेलंय म्हणत होता, पण मी म्हटलं, गुरुजी चुकायचे नाहीत." चहा पुढे आला. मी सांगितले चूक माझी होती. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "आता काय!"

आकडा शक्य कोटीतला होता. म्हणून कुणी पाहिले नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकही पत्रक मी उभ्या बेरजेशिवाय दिले नाही. हे कुणाला कधी सांगितले नव्हते, सौ.लाही अर्धेच माहीत होते. नातवाला मात्र त्या दिवशी सगळे सांगितले. तो थोडा वेळ बसून राहिला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्यात पण तो पहारा नव्हता."

खरे आहे. एकट्या माणसात तो नसतोच. म्हणून तर दुसरी बेरीज लागते.

असो. आज फार लांबले. वही अजून त्याच्या टेबलावर आहे, शेवटची पाने कोरी आहेत.