डुकराचा जीव आणि दहा रुपये दंड

आपली मोशी १९९७ साली महापालिकेत गेली. डुकरं त्याआधीपासूनची, आणि शेजारी कचरा डेपो, म्हणजे त्यांना खायची ददात नाही. पाय बांधून गाडीत फेकलेल्या डुकराचं ओरडणं ज्यानं ऐकलंय, त्याच्या कानातून ते जात नाही.

याला कायदा आहे, आणि तो जुना आहे. भरतनाट्यमवाल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत प्राण्यांसाठी खासगी विधेयक घेऊन उभ्या राहिल्या. नेहरूंनी सरकारी कायद्याचा शब्द दिला, १९६० मध्ये कायदा झाला. खाण्यासाठी मारायला त्यात बंदी नाही. विनाकारण यातना द्यायला आहे. पुढे २००१ चे कत्तलखाना नियम आले: एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, गाभण मारायचं नाही, आधी बेशुद्ध करायला वेगळी जागा हवी.

आणि क्रूरतेला दंड? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. जुनाच आकडा! दहा रुपयांत आज चौकात वडापाव येत नाही.

आपल्याकडून उचललेली डुकरं पुढे जातात कुठे, मारतात कशी, माहिती अधिकारात विचारतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो.