औषध किती दिवस?

इ. स. १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास पेनिसिलिन टोचण्यांत आलें. रोग हटूं लागला. पण पांच दिवसांत औषध संपलें. त्याच्या मूत्रांतून वाहून गेलेलें पेनिसिलिन वेगळें काढून पुन्हा टोचलें, तेंहि पुरलें नाहीं, व १५ मार्चला तो मरण पावला. उपचार अपुरा राहूं नये, ही धास्ती अशा अनुभवांनीं बळावली.

परंतु पुरा उपचार म्हणजे किती दिवसांचा? लघवीच्या जळजळीचें उदाहरण घ्यावें. घरोघरीं तिला ‘उन्हाळी’ म्हणतात. तिच्यामागें पुष्कळदा जंतूंमुळें झालेला मूत्राशयदाह असतो. स्त्रियांच्या या साध्या विकारास सात ते चौदा दिवसांचा क्रम कित्येक वर्षें चालला. हे आंकडे जंतूंनीं ठरविले नव्हते. सातांचें मूळ कॉन्स्टंटाइन बादशहानें ३२१ सालीं रूढ केलेल्या आठवड्यांत आहे, अशी थट्टा अमेरिकन डॉक्टर ब्रॅड स्पेलबर्ग यांनीं केली. ती निव्वळ थट्टा नव्हे.

प्रत्यक्ष तुलना झाल्यावर चित्र पालटलें. १९९९ सालीं अमेरिकेंतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें ट्रायमेथोप्रिम-सल्फाचे तीन दिवस पुरेसे मानले. २०११ सालीं नायट्रोफ्युरँटॉइनचे पांच दिवस, तर फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एकच मात्रा. अलेक्झांडरच्या वेळीं जें नडलें, तेंच येथें कामास येतें : औषध मूत्रांत उतरून रोगस्थानींच दाट होतें. उगाच लांबविलेला क्रम मात्र आंतड्यांतील निरुपद्रवी जंतूंना औषध पचविण्यास शिकवितो. ताप, कुशींत दुखणें किंवा गर्भारपण असेल, तर हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाहीं. मूत्रपिंडाच्या पेशीजालांत नायट्रोफ्युरँटॉइन पुरेसें पोंचतच नाहीं.