श्रीनगर ते लेह : २५६ किलोमीटरचा इतिहास

श्रीनगर आणि लेह या दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरील सर्वांत कमी अंतर काढले, तर ते सुमारे २५६ किलोमीटर भरते. जेट विमानाच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने हा प्रवास वीस मिनिटांत संपायला हवा. वेळापत्रकात मात्र पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ दिलेला असतो. अंतर भूमितीने ठरते; वेळ ठरवतात डोंगर आणि हवा. भारतीय वैमानिकांना याचा कठोर प्रत्यय १९४८ साली आला.

त्या वर्षी मे महिन्यात लेहवर संकट ओढवले होते. कारगिलच्या परिसरात शत्रू शिरल्यामुळे श्रीनगरहून झोजी ला खिंडीतून येणारी वाट तुटली होती आणि लेहमधील सैन्य अत्यंत तुटपुंजे होते. पायी कुमक पोचायला आठवडे लागले असते. अशा वेळी उपयोगी पडली ती लडाखी अभियंता सोनम नोर्बू यांनी स्थानिकांच्या श्रमांतून सिंधूकाठी तयार करून घेतलेली कच्ची धावपट्टी. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तेथे डाकोटा विमान उतरवले. मेजर जनरल थिमय्या त्यांच्यासोबत होते. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती आणि वाटेत मार्ग दाखवणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. त्यानंतर डाकोटांनी सैनिक आणि रसद पोचवली, लेह वाचले.

या उड्डाणातील खरी अडचण अंतराची नव्हती, विरळ हवेची होती. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५६ मीटर उंचीवर आहे. प्रमाण वातावरणात या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के असते. पंखांना मिळणारे उद्धरण बल घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तेवढेच वजन उचलण्यासाठी विमानाला सुमारे १८ टक्के अधिक वेग घ्यावा लागतो, म्हणजेच गतिज ऊर्जा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढते. त्यातच विरळ हवेत इंजिनाची शक्तीही घटते. साहजिकच धावपट्टी अधिक लांब लागते, नाहीतर वजन कमी करावे लागते. उन्हाळ्यात पारा २५ अंश सेल्सिअसवर गेला, की घनता ६५ टक्क्यांच्या आसपास उतरते. दुपारी खोऱ्यात वारेही जोर धरतात. लेहची बहुतेक विमाने सकाळी ये-जा करतात, ती याच कारणांनी.

वेळेचा हिशेबही आता उलगडतो. विमानाला आधी शिखरांच्या वर चढावे लागते, ठरलेल्या हवाई मार्गाने जावे लागते आणि डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वेग आवरत उतरावे लागते. एवढ्या छोट्या प्रवासात पूर्ण वेगाने उडण्याचा टप्पा फारसा उरतच नाही.

दोन विमानतळांमधील अंतर आज कोणीही क्षणार्धात काढू शकतो. विद्यार्थ्यांनी ते जरूर काढावे, त्याला वेगाने भागावे आणि येणारे उत्तर वेळापत्रकाशी ताडून पाहावे. जो फरक उरेल, त्यात त्या प्रदेशाचे भौतिकशास्त्र दडलेले असते. लेहच्या बाबतीत त्यात एक कच्ची धावपट्टी आणि ती बांधणारे हातही आहेत.