पिझ्झा हटची चव खरेच बदलली का? लाल छपराच्या हॉटेलाची गोष्ट

अमेरिकेत आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या लोकांपुढे पिझ्झा हटचा विषय काढला, की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘लहानपणी आम्ही तिथे जायचो’ हे पहिले आणि ‘आता ती चव राहिली नाही’ हे दुसरे. पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्याकडे मात्र ‘वय झाले की असेच वाटते’ म्हणून सहसा दुर्लक्ष केले जाते. पण तो पिझ्झा तेव्हा कसा तयार होत होता आणि नंतर कसा होऊ लागला, हे पाहिले तर या तक्रारीतला बराच भाग खरा निघतो. उरलेला भाग आठवणींचा आहे, आणि तोही समजून घेण्यासारखा आहे.

सहाशे डॉलरचे भांडवल

कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात १९५८ मध्ये डॅन आणि फ्रँक कार्नी या दोन भावांनी आईकडून ६०० डॉलर उसने घेऊन पिझ्झाचे दुकान काढले. दोघेही कॉलेजात शिकत होते आणि पिझ्झाच्या धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. दुकान अगदी लहान, पाटीवरही ‘पिझ्झा’ या शब्दानंतर मोजकीच अक्षरे मावत. इमारत झोपडीसारखी दिसते म्हणून ‘हट’ हे नाव ठरले. पुढच्याच वर्षी टोपेका शहरात पहिली फ्रँचायझी सुरू झाली.

आज लोकांच्या आठवणीत असलेले रूप त्यानंतरचे. रिचर्ड बर्क या वास्तुविशारदाने आखलेले उंच, दुमडल्यासारखे छप्पर १९६९ पासून लाल रंगात सर्वत्र दिसू लागले. वर अरुंद आणि खाली रुंद अशा खिडक्या ही त्याची दुसरी खूण. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्या गाडीतूनही पाटी न वाचता हॉटेल ओळखू यावे, हा त्यामागचा हेतू होता. १९७७ मध्ये पेप्सिकोने ही कंपनी विकत घेतली आणि विस्ताराचा वेग आणखी वाढला.

आत गेल्यावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, टेबलावर लोंबणारे रंगीत काचांचे दिवे, खडबडीत लाल प्लास्टिकचे ग्लास, सॅलड बार, गाण्यांची पेटी, आणि काही ठिकाणी काचेखाली पॅकमॅन खेळता येईल असे टेबल. महागड्या हॉटेलात जाणे न परवडणाऱ्या कुटुंबाला इथे टेबलाशी बसून, वाढप्याकडून मागवून जेवता येई. मुलांच्या संघाचा सामना जिंकला की सगळी टोळी इथेच येई.

त्यात १९८४ मध्ये ‘बुक इट’ ही योजना आली आणि पुढच्या वर्षी ती देशभर पोहोचली. शिक्षकांनी महिन्याचे वाचनाचे उद्दिष्ट ठरवायचे, मुलाने ते पूर्ण केले की त्याला प्रमाणपत्र मिळायचे आणि ते दाखवून एका माणसापुरता छोटा पॅन पिझ्झा फुकट मिळायचा. खाण्याचे आमिष दाखवून वाचायला लावणे कितपत बरे, अशी टीका शिक्षणतज्ज्ञांनी केली. ती चुकीची नव्हती. पण आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या मेहनतीवर मिळालेले हे हॉटेलातले पहिले जेवण असे. मोठ्यांचा पिझ्झा वेगळा आणि आपला वेगळा, तोही स्वतंत्र काळ्या पॅनमधून आलेला. या पिढीच्या आठवणी इतक्या पक्क्या का आहेत, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते.

पॅन पिझ्झात विशेष काय होते?

कंपनीने पॅन पिझ्झा १९८० मध्ये आणला. तिचा मूळ पिझ्झा पातळ होता. पॅन पिझ्झाचे पीठ सैलसर. ते हॉटेलातच मळले जाई आणि तेलाने माखलेल्या खोलगट काळ्या पॅनमध्ये घालून, झाकून फुगायला ठेवले जाई. फुगलेल्या पिठावर सॉस, चीज घालून पॅनसकट ते ओव्हनमध्ये जाई.

चवीचे मर्म या पॅनमध्ये आणि त्यातल्या तेलात होते. काळा धातू उष्णता चटकन शोषतो, त्यामुळे तळाचे तेल तापते आणि पिठाचा खालचा भाग भाजण्याऐवजी जवळजवळ तळला जातो. कडा कुरकुरीत, तळ खरपूस आणि मधला भाग पावासारखा जाळीदार, अशी तिहेरी रचना त्यातून तयार होते. पीठ पॅनमध्येच फुगल्याने त्याची जाळी मोडत नाही. शिवाय आंबण्याला वेळ मिळाला, की यीस्टमुळे पिठात आम्ले आणि सुगंधी द्रव्ये तयार होतात. इडलीचे पीठ रात्रभर ठेवल्याने जो फरक पडतो, तसाच हा प्रकार.

शेवटची पायरी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. हा पिझ्झा ओव्हनमधून निघून त्याच तापलेल्या पॅनमध्ये टेबलावर येत असे. पहिला तुकडा उचलला जाई तेव्हा खालचे तेल अजून चुरचुरत असे. म्हणजे हा पदार्थ मुळात बसून, लगेच खाण्यासाठी बेतलेला होता.

मग बिघडले काय?

सर्वात मोठा बदल पिठात झाला. रोज सकाळी हॉटेलात पीठ मळणे म्हणजे जागा, वेळ आणि हाताला सवय असलेला माणूस. पीठ थोडे कमी-जास्त फुगले तरी माल फुकट जातो. त्यामुळे अमेरिकेतल्या शाखांमध्ये पुढे कारखान्यातून गोठवून आलेल्या पिठाच्या चकत्या वापरात आल्या. त्या पॅनमध्ये ठेवायच्या, वितळू आणि फुगू द्यायच्या. यातून सगळीकडे एकसारखा माल मिळतो, हा फायदा खरा आहे. पण गोठवताना यीस्टच्या काही पेशी मरतात आणि बर्फाचे स्फटिक ग्लुटेनची जाळी दुखावतात. ती कसर भरून काढायला जास्त यीस्ट आणि पीठ सुधारणारी द्रव्ये घालावी लागतात. पिझ्झा फुगतो, पण सावकाश आंबवलेल्या पिठाचा स्वाद त्याला येत नाही.

ओव्हनही बदलले. जुन्या भट्टीसारख्या ओव्हनमध्ये पिझ्झा कधी फिरवायचा, कधी काढायचा हे माणूस ठरवी. १९८० च्या दशकापासून साखळी हॉटेलांत सरकत्या पट्ट्याचे ओव्हन रूढ झाले. गरम हवेचे झोत वरून-खालून मारत ते काही मिनिटांत पिझ्झा बाहेर काढतात. नवख्या मुलालाही ते हाताळता येते, मात्र एखादा पॅन आणखी मिनिटभर आत हवा होता, हे कुणी बघत नाही.

तिसरा बदल खोक्याचा. गरम पिझ्झा पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद केला, की त्याची वाफ आतच कोंडते आणि कुरकुरीत कड वीस मिनिटांत मऊ पडते. पातळ पिझ्झाला हा प्रवास थोडाफार झेपतो. तेलात तळलेल्या जाड तळाला तो अजिबात मानवत नाही.

‘चीज निकृष्ट झाले’ हा आरोप मात्र जपून करायला हवा. अमेरिकेतल्या मोठ्या पिझ्झा कंपन्यांना चीज पुरवणारी कोलोरॅडोची लेप्रिनो ही कंपनी पिझ्झा हटशी फार जुन्या काळापासून जोडलेली आहे, आणि गोठवलेले चीज हाही कालपरवाचा शोध नाही. अंशतः हायड्रोजनीकृत तेलांची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये त्यांच्याविरुद्ध निर्णय दिल्यावर तयार खाद्यपदार्थांतून ती हटत गेली आणि अनेक पदार्थांची चव थोडी बदलली. हृदयाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. ती चव परत यावी असे कुणी म्हणू नये.

पैशाचे गणित

हे सगळे आळसातून झाले असे नाही. मिशिगनमध्ये १९६० मध्ये सुरू झालेल्या डॉमिनोजने घरपोच पिझ्झ्यावर भर दिला. तिला ऐंशी माणसांच्या बैठकीची जागा, पार्किंग, वाढपी यांची गरज नव्हती. लिटल सीझर्सने २००४ मध्ये तयार पिझ्झा ५ डॉलरला देशभर विकायला सुरुवात केली आणि ही किंमत २०२२ च्या सुरुवातीपर्यंत टिकवली. या काळात अमेरिकेतली सर्वसाधारण महागाई चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली होती. शेजारी पाच डॉलरचा पिझ्झा असताना सकाळी पीठ मळणाऱ्या माणसाचा पगार कुठून काढायचा, हा फ्रँचायझीवाल्याचा प्रश्न होता.

त्यातून मोठ्या इमारती ओझे ठरल्या. पेप्सिकोने १९९७ मध्ये आपली हॉटेले वेगळी काढली; आज पिझ्झा हट यम ब्रँड्सकडे आहे. अमेरिकेतली तिची सर्वात मोठी फ्रँचायझी एनपीसी इंटरनॅशनल हिच्याकडे १,२०० हून अधिक शाखा होत्या. डोक्यावर सुमारे ९० कोटी डॉलरचे कर्ज घेऊन तिने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सुमारे ३०० शाखा बंद करण्याचे ठरले. त्यांत बसून खाण्याच्या शाखाच जास्त होत्या. लहान गावात अशी शाखा बंद झाली, की पिझ्झा कुठून तरी मिळतोच. पण वाढदिवसाला दहा मुलांना घेऊन बसायची जागा जाते.

घसरण अटळ होती का? डॉमिनोजचे उदाहरण पाहता तसे म्हणता येत नाही. तिचा पिझ्झा पुठ्ठ्यासारखा लागतो अशी ग्राहकांची तक्रार होती. २००९ च्या अखेरीस कंपनीने ती तक्रार स्वतःच्याच जाहिरातीत दाखवली आणि पीठ, सॉस, चीज सगळेच बदलले. पुढच्या तिमाहीत अमेरिकेतल्या जुन्या दुकानांची विक्री १४.३ टक्क्यांनी वाढली. २०१७ च्या विक्रीत तिने पिझ्झा हटला मागे टाकले. पिझ्झा हटने आपल्या मूळ पॅन पिझ्झात मोठा बदल केला तो २०१९ मध्ये, म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी. चीज आणि सॉस बदललाच, शिवाय कड कुरकुरीत व्हावी म्हणून पॅनही नवा घेतला. नेमकी लोकांची जुनी तक्रार कडेचीच होती.

आठवणींचा वाटा

उरलेला हिशेब खाणाऱ्याच्या बाजूचा. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात सर्वात जास्त आणि सर्वात स्पष्ट आठवतात, हे मानसशास्त्राने वारंवार नोंदवले आहे. वासाची तर गोष्टच वेगळी. वास टिपणारा मेंदूचा भाग भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी थेट जोडलेला असतो, त्यामुळे तापलेल्या तेला-चीजच्या वासासोबत टेबल, दिवे आणि समोर बसलेले आईवडीलही आठवतात. लहान मुलांना गोड-खारट चव मोठ्यांपेक्षा जास्त आवडते. शिवाय हॉटेलात जाणे महिन्यातून एखाद्या वेळचे. भूक लागलेली, वाट पाहिलेली, आणि बिल दुसऱ्याने भरायचे!

आठवण किती आणि पदार्थ किती, हे घरी बऱ्यापैकी तपासता येते. अमेरिकेतल्या किंग आर्थर बेकिंग कंपनीने २०२० साठी वर्षाची पाककृती म्हणून जाड, कुरकुरीत कडेचा पॅन पिझ्झाच निवडला होता. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये आंबवायचे आणि बिडाच्या पॅनमध्ये तेल घालून भाजायचे, ही त्याची पद्धत. अशा पिझ्झाचा तळ चुरचुरतो आणि कड करकरीत होते. म्हणजे हरवलेला भाग पद्धतीत होता. लाल ग्लास आणि रंगीत दिवे मात्र स्वयंपाकघरात आणता येत नाहीत.

भारतात ही गोष्ट उशिरा सुरू झाली. पिझ्झा हटची पहिली शाखा जून १९९६ मध्ये बंगळुरूत उघडली आणि त्याच वर्षी डॉमिनोजही दिल्लीत आले. मुंबई-पुण्यात तोवर पिझ्झा म्हणजे बेकरीतला गोडसर बेस, वर टोमॅटो सॉस आणि किसलेले अमूल चीज. त्यावर वाढलेल्या मुलांना साखळी हॉटेलातला पॅन पिझ्झा म्हणजे अप्रूप होते. जेवण आवडले तर निघताना दाराजवळची घंटा वाजवायची, हे अनेकांना आजही आठवते. त्या पिढीने आता तिशी-चाळिशी गाठली आहे आणि ‘पूर्वीसारखा पॅन पिझ्झा मिळत नाही’ हे वाक्य इथेही ऐकू येते. इथेही दरम्यानच्या काळात टेबलाची जागा मोबाइलवरच्या ऑर्डरने आणि खोक्याने घेतली आहे.

आता उरले काय?

अमेरिकेत बंद पडलेल्या शाखांच्या इमारतींत चिनी आणि मेक्सिकन खाणावळी, दारूची दुकाने, व्याजाने पैसे देणाऱ्या पेढ्या, इतकेच काय, अंत्यविधीची कार्यालयेही आली आहेत. रंग बदलला तरी छपरावरून इमारत ओळखू येते. काही फ्रँचायझींनी मात्र उलटी वाट धरली. पेनसिल्व्हेनियातील टंकहॅनॉकसारख्या गावांत जुने दिवे, लाल ग्लास आणि सॅलड बार ठेवून ‘पिझ्झा हट क्लासिक’ चालवले जाते आणि लोक दूरवरून गाडी काढून तिथे जेवायला येतात. खुद्द कंपनीचे काय होणार, हे अजून ठरायचे आहे. पिझ्झा हटबाबत विक्रीसह सर्व पर्याय तपासत असल्याचे यम ब्रँड्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले.