रक्तांतील खूण

पाठीच्या कण्यांतील मणके हळूहळू एकमेकांस जखडून माणसास वांकवून टाकणारा एक संधिवात आहे. वैद्यकांत त्यास अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. ऐन विशींतला तरुण पहांटे कंबर ताठून जागा होतो. हिंडल्याफिरल्यानें त्यास बरें वाटतें, विश्रांतीनें मात्र दुखणें बळावतें. शत्रूवर रोखावयाचें रक्षकांचें शस्त्र येथें आपल्याच घरावर उलटतें. कांहीं कुटुंबांत हा रोग पुनःपुन्हा दिसतो, हें पूर्वींच ठाऊक होतें. परंतु वारसा नेमका कशाचा, हें कळण्यास १९७३ साल उजाडावें लागलें.

शोधाची वाट भलत्याच दिशेनें आली. वारंवार परक्याचें रक्त दिलेल्या रुग्णांचा रक्तद्रव अभ्यासतांना, फ्रान्समध्यें झां दोसे यांनीं १९५८ सालीं पांढऱ्या पेशींवरील वंशागत खुणांपैकीं पहिली ओळखली. पुढें लॉस एंजल्सच्या पॉल तेरासाकी यांनीं १९६४ सालीं थेंबाच्या अल्पांशानें या खुणा पारखण्याची पद्धति बसविली. जपानी वंशाचे म्हणून महायुद्धांत हे तेरासाकी कोवळ्या वयांत ॲरिझोनाच्या छावणींत डांबले गेले होते! अवयवरोपणासाठीं दाता व रुग्ण यांचा मेळ पाहणें, हा त्या पद्धतीचा मूळ हेतु.

१९७३ च्या एप्रिलांत दोन वार्ता एकाच महिन्यांत प्रसिद्ध झाल्या. लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयांत ब्रूअर्टन व त्यांचे सहकारी यांनीं ७५ रुग्ण तपासले; त्यांपैकीं ७२ जणांत बी-२७ नांवाची खूण निघाली. तुलनेसाठीं घेतलेल्या ७५ जणांत ती अवघ्या तिघांत होती. तेरासाकींच्या मंडळीसही ४० रुग्णांपैकीं ३५ जणांत तीच खूण आढळली.

आपल्या मुलाच्या रक्तांत ही खूण आहे असें ऐकून कोणत्या बापाचें काळीज चरकणार नाहीं? पण थांबा. ही खूण बाळगणाऱ्या शंभरांतील बहुतेक सारे जन्मभर या रोगापासून मुक्त राहतात. रोग जडतो तो मोजक्यांस. मग उरलेलें कारण कोणतें? १९९० सालीं अमेरिकेंत मानवी बी-२७ चें जनुक उंदरांच्या एका मोठ्या जातींत घातलें, तेव्हां ते प्राणी आजारी पडले. परंतु तेच प्राणी जंतुविरहित स्थितींत वाढविले असतां त्यांचे सांधे व आंतडीं निर्दोष राहिलीं, असें १९९४ सालीं दिसून आलें. म्हणजे बीजास भूमीही लागते. पुढें २००७ सालीं हजारों रुग्णांचीं जनुकें चाळून ईआरएपी-१ हें आणखी एक जनुक हातीं लागलें. पेशींतील प्रथिनांचे तुकडे कातरणें हें त्याचें काम, आणि तेच तुकडे बी-२७ पेशीच्या दारांत रक्षकांस दाखविते!

तात्पर्य, ही खूण म्हणजे निकाल नव्हे, साक्ष आहे. तरुणाची कंबर पहांटे ताठते तेव्हां वैद्यास ती वेळीं सावध करते. निरोगी माणसास मात्र तिनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं.