वाट आणि पाणी

कोपर स्टेशनला वरचा फलाट आहे. दिवा–वसई लाइनचा. भिवंडीला लूमवर जायला मी तिथूनच गाडी पकडतो. एप्रिलच्या दुपारी त्या फलाटावर उभं राहिलं की पत्रा तापलेला असतो, पण मधूनच खाडीवरून खारा वारा येतो आणि घाम सुकतो. गाडी सुटली की थोड्याच वेळात उल्हास खाडीचा पूल लागतो. ओहोटी असली तर नुसता चिखल, बगळे आणि कलंडलेली एखादी होडी.

जयंतीच्या मीटिंगला एक पोरगा बोलला, ‘या खाडीशी आपला काय संबंध? आपण घाटावरची माणसं. पोटासाठी आलो.’ मी गप्प बसलो. कारण त्याच महिन्यात मला एका घरमालकानं आडनाव विचारून खोली नाकारली होती, आणि मलाही वाटत होतं, खरंच, काय संबंध? पण प्रश्न डोक्यातून जाईना. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. लायब्ररीतली पुस्तकं चाळली. जे सापडलं ते इथं मांडतो.

मित्रहो, ही खाडी म्हणजे कल्याण बंदराची वाट. समुद्रातून आलेली जहाजं हिच्यातूनच वर कल्याणला लागायची. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्यानं ‘पेरिप्लस’ नावाची बंदरांची वही लिहिली. त्यात कल्याण आहे. तो म्हणतो, आधी इथं रीतसर व्यापार चालायचा, पण सत्ता बदलली आणि बंदराची नाकेबंदी झाली. चुकून ग्रीक जहाज इथं आलंच, तर पहारा बसवून ते भडोचला नेत. म्हणजे राजांच्या भांडणात बंदर बुडतं, हे तेव्हाचंच आहे. पुढं सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा दुसरा प्रवासी कल्याणला मोठं बंदर म्हणतो. इथून तांबं-पितळ जायचं, लाकूड जायचं आणि कापड जायचं. कापड! मी रोज जे विणतो तेच.

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत गलबतं बांधायला काढली. पोर्तुगीज कारागीरही कामाला लावले. हे सगळ्यांना ठाऊक आहे, दुर्गाडीवर ते सांगतातही. पण गलबत काय फर्मानानं तरंगतं? लाकूड कुणी कापलं, खिळे कुणी ठोकले, फळ्यांच्या फटी कुणी बुजवल्या? त्यांचं नाव कुठं आहे?

नाव आहे. निदान धंद्याचं तरी आहे. पण ते कल्याणात नाही, कान्हेरीला आहे.

बोरिवलीच्या डोंगरातली ही शंभरावर लेणी. तिथं भिंतींवर ब्राह्मी लिपीत दानाचे लेख आहेत. बरेचसे सातवाहनांच्या काळातले, म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीचे. कोण दान देतं? राजघराण्यातले आहेत, व्यापारी आहेत, भिक्षू-भिक्षुणी आहेत. आणि कितीतरी दाते लिहितात, आम्ही कल्याणचे. जहाजावर मिळवलेला पैसा डोंगरावर चढत होता आणि त्याचं लेणं होत होतं.

यातले दोन लेख मी वहीत उतरवून ठेवलेत. एक कल्याणच्या सोनाराचा. नाव सामिदत. त्यानं पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. दुसरा कल्याणच्या एका लोहाराचा. त्यानं काय दिलं? वाट. डोंगरावरची चालायची वाट.

मी हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. लोहारानं वाट दिली. सोनारानं पाणी दिलं. दोघांनी धंदा लपवला नाही, नावाबरोबर तो दगडात कोरला. आणि कोरून शेवटी लिहिलं, देयधम. म्हणजे धर्मासाठी दिलेलं दान.

त्या काळी सगळं समान होतं असं मी म्हणत नाही. जहाजावर गोणी चढवणाऱ्याचं नाव त्या भिंतीवर मला भेटलं नाही. दान द्यायला हातात उरावं लागतं, त्याच्या हातात काय उरणार? नव्वद नंबरच्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या भोवती संकटं कोरलीत, त्यात फुटणारं जहाज आहे. लोक मूर्तीकडं बघतात. मला त्या जहाजातली माणसं दिसतात. तीच आपली.

पण एवढं नक्की, की या खाडीकाठच्या कष्टकऱ्याला रस्ता आणि पाणी दुसऱ्याला देण्याचा मान होता. बुद्धाच्या संघानं तो घेतला. लोहाराच्या वाटेवरून चाललं म्हणून कुणी बाटलं नाही.

आता पुढं या. १९२७. कोकणातलंच दुसरं बंदरगाव, सावित्रीकाठचं महाड. नगरपालिकेनं १९२४ मध्येच तळं सगळ्यांना खुलं केलं होतं, कागदावर. २० मार्च १९२७ ला, उन्हाळा लागता लागता, बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. मग काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. परतणाऱ्या माणसांची डोकी फोडली, आणि शेण-गोमूत्राच्या एकशे आठ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. सामिदताच्या पोढीपासून इथपर्यंत हा देश चालत आला होता. उलटा.

डिसेंबरात पुन्हा महाड. २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोट निघाली. बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी तिच्यावर होते. दुसऱ्या दिवशी दासगाव बंदराला उतरले. तिथं हजारो लोक वाट बघत उभे. तिथून पाच मैल पायी, घोषणा देत महाडला. त्याच रात्री मनुस्मृती जळाली.

ऐतिहासिक जहाजं म्हणून शाळेत आरमाराची चित्रं दाखवतात. दाखवा की. पण माझ्या वहीत पहिलं जहाज ‘पद्मावती’ आहे. तिच्यावर तोफ नव्हती. माल एकच होता, पाण्याचा हक्क. तिच्यातून उतरून माणसं ज्या रस्त्यानं चालली, तो रस्ता मला लोहाराच्या वाटेचाच पुढचा तुकडा वाटतो.

तर संबंध हा आहे. आपण बाहेरून आलो असू, पण १९५६ ला आपण ज्या धम्मात परतलो, तो या खाडीकाठी आधीच नांदत होता. ज्याला आपल्याला आडनाव विचारायचंय त्यानं खुशाल विचारावं. आपण त्याला कान्हेरीचा पत्ता द्यावा.

आता मीटिंगमधल्या भांडणाचं. वर्गणीतला निम्मा पैसा डीजेला जातो. माझं म्हणणं मी पुन्हा मांडतो, मग बहुमत जे करेल ते करेल. चौदा एप्रिलला ऊन मरणाचं असतं. वरच्या फलाटावर चढून येणाऱ्याची जीभ टाळूला चिकटते. जिन्याखाली आठवडाभर पाणपोई लावू. रांजण, ओली फडकी, पेले. आडनाव कुणाचं विचारायचं नाही. फळ्यावर देणाऱ्यांची नावं लिहू, आणि नावापुढं धंदा. लूमवाला. गवंडी. सफाई कामगार. धुणीभांडी करणारी. नाका कामगार.

आणि खाली एकच शब्द, ब्राह्मीत. देयधम. तो मी लिहीन. अक्षरं गिरवून ठेवली आहेत.