दुसरे जहाज

इ. स. पू. ४२७ मध्ये अथेन्सहून एक युद्धनौका लेस्बॉस बेटाकडे निघाली. तिच्यावर एक आज्ञा होती : मिटिलीनी नगरातील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. ही आज्ञा कोणा लहरी राजाची नव्हती. स्वतंत्र नागरिकांच्या सभेने ती रीतसर मंजूर केली होती.

अथेन्स व स्पार्टा यांचे युद्ध सुरू होऊन तेव्हा चार वर्षे लोटली होती. साथीच्या रोगाने अथेन्समध्ये हजारो माणसे दगावली होती. खुद्द पेरिक्लीसही इ. स. पू. ४२९ मध्ये निवर्तला होता. अशा पडत्या काळात मिटिलीनीने बंड पुकारले. हे नगर खंडणी न देता स्वतःचे आरमार बाळगणारे, मानाचे मित्रराष्ट्र. म्हणून हा घाव अधिकच वर्मी लागला. अथेन्सने वेढा घातला. स्पार्टाचे आरमार वेळेवर पोचले नाही. धान्य संपत आले, तेव्हा निर्वाणीच्या लढाईसाठी सामान्य जनांच्या हाती शस्त्रे देण्यात आली. शस्त्रे मिळताच लोकांनी धान्य मागितले, नाहीतर आपणच नगर शत्रूच्या स्वाधीन करू, असे बजावले. मग शरणागतीवाचून गत्यंतर उरले नाही.

अथेन्सच्या सभेने मात्र बंडखोर आणि सामान्य जन असा भेद केला नाही. जहाज सुटले, पण रात्र सरली तसा रागही ओसरला. एका नगरातील अपराधी व निरपराधी सारेच मारावेत, हे लोकांच्या मनाला खाऊ लागले. दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली.

क्लीऑन हा त्या काळचा वजनदार आणि जहाल वक्ता. काल ठरविले ते आज फिरविणाऱ्या लोकांना साम्राज्य राखता येणार नाही, असे त्याने खडसावले. त्याला उत्तर दिले डायोडोटस नावाच्या नागरिकाने. या एका प्रसंगापलीकडे इतिहासाला त्याची ओळख नाही. नवल असे, की त्याने दयेची याचना केली नाही. त्याने हिशेब मांडला. शरण येऊनही मरणच मिळणार असेल, तर उद्याचे बंडखोर शेवटच्या श्वासापर्यंत लढतील. आणि ज्या सामान्य लोकांनी नगर हाती दिले त्यांनाच मारले, तर नगरोनगरीची जनता अथेन्सला पारखी होईल. मते जवळजवळ समसमान पडली. थोडक्या आधिक्याने डायोडोटसचा पक्ष जिंकला.

लगेच दुसरे जहाज सोडण्यात आले. पहिले सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होते. मिटिलीनीच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांना मद्य व जवाचे पीठ पुरविले आणि मोठे बक्षीस कबूल केले. तेल व मद्यात कालवलेले पीठ वल्ही मारता मारताच खात आणि पाळीपाळीने झोप घेत त्यांनी समुद्र कापला. वारा प्रतिकूल नव्हता. पहिल्या जहाजाच्या वल्ह्यांना मात्र त्या अमंगळ कामगिरीमुळे वेग नव्हता. सेनापती पॅचीस आज्ञा वाचून ती अंमलात आणण्याच्या बेतात होता, तोच दुसरे जहाज धक्क्याला लागले. नगर वाचले.

वाचले, पण पूर्णपणे नव्हे. बंडाचे सूत्रधार ठरविलेल्या हजाराहून अधिक लोकांना ठार करण्यात आले. तट पाडले गेले, आरमार जप्त झाले, जमिनी वाटल्या गेल्या. दयेच्या नव्हे, लाभाच्या आधारावर मिळालेले जीवदान इतकेच पुरले.

थ्युसिडिडीसने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. भाषणे शब्दशः लक्षात ठेवणे कठीण होते, म्हणून प्रसंगाला उचित ते आपण वक्त्यांच्या तोंडी घातले, असे तो प्रांजळपणे सांगतो. इतिहास आणि कल्पना यांच्या सीमेवर उभी असलेली ती भाषणे आजही वाचली जातात, कारण त्यांतील प्रश्न शिळा झालेला नाही.

अकरा वर्षांनी, इ. स. पू. ४१६ मध्ये, मेलॉस बेटावर तीच आज्ञा पुन्हा निघाली. या वेळी दुसरे जहाज निघाले नाही. पुरुष मारले गेले, बायकामुले विकली गेली. पुढे इ. स. पू. ४०५ मध्ये आपले आरमार बुडाल्याची वार्ता अथेन्सला पोचली. त्या रात्री नगरात कोणाचा डोळा लागला नाही, असे झेनोफन सांगतो. आपण मेलॉसचे जे केले, तेच आता आपल्या वाट्याला येणार, या भयाने लोक मेलेल्यांसाठी आणि स्वतःसाठीही रडत होते.